नोंदणी संपलेली गाडी आणि न बोलणारा माणूस

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो हे कळलं की लोक हमखास खुनाची नाहीतर दरोड्याची गोष्ट सांगा म्हणतात. तसल्या गोष्टी आहेत माझ्याजवळ, नाही असं नाही. पण माझ्या मनातून जी हलत नाही ती एक काळी मोटारसायकल आहे. तिनं कुणाला उडवलं नव्हतं, तिच्यावरून कुणी पळालं नव्हतं. तिच्या नोंदणीची मुदत तेवढी संपली होती. आणि तेवढ्यापायी मी एका सरळ माणसाला आयुष्यातून उठवायला निघालो होतो.

निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले होते. मुखेड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर आलेलो, त्यामुळं माणूस बघितला की ओळखतो अशी मला घमेंड होती. घमेंडच म्हणायची, दुसरा शब्द नाही.

त्या दिवसांत सगळीकडं जुन्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरपाट्या बसवण्याची धांदल चालली होती. पाटी बसवायला गेल्यावर कितीतरी लोकांना पहिल्यांदाच कळत होतं की आपल्या गाडीची नोंदणी कधीच संपलेली आहे. नव्या दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवायची, साहेब तपासणार, विमा आणि धुराचा दाखला बघणार, पर्यावरण कर घेणार, मग आणखी पाच वर्षं मिळणार. आपल्याकडं गाडी चालतेय तोवर कागद कोण उघडतो? प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, सातबाऱ्याच्या खाली. मुदत टळली की दर महिन्याचं विलंब शुल्क चढत जातं. आणि तसली गाडी रस्त्यावर धरली तर ती बिननोंदणीचीच समजतात. पहिल्या वेळेला दंड हजारांत, पुन्हा सापडला तर त्याहून जबर. मी स्वतः नाकाबंदीवर उभं राहून अशा पावत्या फाडल्या आहेत, अन् लोकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

एका बाजाराच्या दिवशी सकाळची हजेरी संपवून मी बसलो होतो. तेवढ्यात एक गॅरेजवाला मागच्या दारानं आला. हा आमचा जुना खबऱ्या. गाड्यांच्या चोऱ्यांतलं त्याला बरंच कळायचं.

"साहेब, एक माल सांगतो," तो म्हणाला. "नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात तो रोजंदारीवाला हाय ना, व्हॉल्व्ह फिरवतो तो. नोंदणी रिन्यू करायची म्हणून गाडी घेऊन आला मह्याकडं. फॉर्मवर चेसिसचा ठसा लागतो, म्हणून म्या कागद ठेवून पेन्सिल घासली. नंबर काय जुळंना! कागदावर येगळा, गाडीवर येगळा. शेवटचे दोन आकडेच दुसरे."

"मग त्याला विचारलंस?"

"इचारलं की. त्याचं तोंड असं उतरलं साहेब, काय सांगू. म्हणला, राहू दे, फॉर्म भरू नको. अन् गाडी ढकलतच घेऊन गेला. किक मारायचं बी भान न्हाई राहिलं त्याला."

माझे कान टवकारले. राज्याची सीमा जवळ असल्यानं पलीकडून चोरीच्या गाड्या येतात हे नवं नव्हतं. त्यातली एक युक्ती आम्हाला पाठ होती. आपली जुनी गाडी मोडीत काढायची, तिचे कागद आणि नंबर तेवढे ठेवायचे, आणि त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिला तो नंबर चिकटवायचा. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. चेसिसवर पेन्सिल घासली की मात्र पितळ उघडं पडतं.

हवालदाराला म्हटलं, चला. आमचे हवालदार माझ्याहून चार वर्षांनी लहान, कमी बोलणारे, आणि माझ्यापेक्षा डोकं थंड असलेले. दोन पंच घेतले. त्या माणसाच्या घरासमोर, लिंबाच्या झाडाखाली गाडी उभीच होती. स्टँडवर लावून वर जुनं धोतर टाकलेलं. माणूस चाळिशी ओलांडलेला, काटक, अंगात निळा सदरा. आम्हाला बघून पळाला नाही. उठून उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. पंचनामा केला, चेसिस आणि इंजिन दोन्हींचे नंबर लिहून घेतले, गाडी ताब्यात घेतली आणि त्यालाही सोबत घेतलं. इंजिनचा नंबरही कागदाशी जुळत नव्हता.

ठाण्यात आल्यावर हवालदारांनी माझ्यापुढं एक लिफाफा सरकवला.

"साहेब, हे दोन दिवसांपूर्वी आवकला आलंय. बघा एकदा."

त्याच माणसाचा चारित्र्य पडताळणीचा फॉर्म होता. अठरा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर त्याला कायम करायचं ठरलं होतं. पोलिसांचा शेरा आठ दिवसांत पाठवा, असं पत्रात होतं. गुन्हा दाखल झाला की शेरा प्रतिकूल जाणार आणि नोकरीचं कायमचं राम नाम सत्य. त्याच्या खालचा दुसरा माणूस यादीत तयारच होता. मी फॉर्म वाचला आणि, खरं सांगतो, मला दया आली नाही. उलट वाटलं, बरं झालं वेळेत सापडला, नाहीतर चोराला आपणच सज्जनपणाचा दाखला दिला असता.

त्याला समोर बसवलं.

"गाडी कुठून घेतली?"

"इकत घेतली साहेब."

"कुणाकडून?"

"बाजारातून."

"कागदावर पहिला मालक तूच आहेस. नवी गाडी बाजारात मिळते होय रे? जनावरांच्या बाजारात?"

मग म्हणाला, "शोरूममधून घेतली."

"पैसे कुणी भरले?"

पुन्हा गप्प. मी टेबलावर हात आपटला. दोन-तीन वेळा खोटं बोललेला माणूस समोर बसला की माझं डोकं फिरायचं, ही माझी जुनी खोड. तो घाबरला, पण बोलला नाही. मधूनमधून माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघायचा आणि मान खाली घालायचा. मला वाटलं घड्याळ बघतोय. म्हटलं, वेळ काढतोय बेटा.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "गाडी चोरीची न्हाई. लेकराची शपथ घेऊन सांगतो. त्याच्या म्होरं मला काही इचारू नका. म्या जबान दिलेली हाय."

"कुणाला? टोळीच्या म्होरक्याला?"

त्यानं ओठ मिटले ते मिटलेच. संध्याकाळी नोटीस देऊन त्याला घरी सोडलं, सकाळी हजर राहायला सांगितलं. स्टेशन डायरीला नोंद केली. गाडीवरचा चेसिस नंबर संगणकावर टाकून बघितला, तर काहीच सापडेना. त्या काळातल्या सगळ्या जुन्या नोंदी अजून चढल्या नव्हत्या. चोरीच्या गाड्यांच्या यादीतही तो नव्हता. पण माझं मत पक्कं झालं होतं. नसेल कुणी तक्रार दिली, म्हणून काय झालं! हवालदार मात्र पाय घासत उभे होते.

"काय हवालदार? बोला."

"साहेब, चोर असता तर पेन्सिल घासायला स्वतःहून गॅरेजात गेला नसता."

"अहो, त्याला काय ठाऊक पेन्सिल घासतात म्हणून."

"तेच म्हणतोय मी. चोरीची गाडी घेणाऱ्याला आधी तेच ठाऊक असतं."

बोलणं बिनतोड होतं. पण प्रभारी अधिकारी मी, घमेंडही माझीच. "उद्या बघू," म्हणून मी विषय तोडला.

दुसऱ्या दिवशी तो वेळेच्या आधी येऊन बाकावर बसला. दुपारपर्यंत माझी तीच प्रश्नावली आणि त्याचं तेच मौन. मी वैतागून गेलो. पडताळणीचा फॉर्म समोर घेतला, शेऱ्याचा रकाना काढला आणि त्याला दाखवला.

"हे बघ. यात मी आता काय लिहितो त्यावर तुझी अठरा वर्षं अवलंबून आहेत. अजून वेळ गेली नाही. बोल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "लिहा साहेब. मह्या नशिबात नसंल."

मी पेनचं टोपण काढलं. त्याच वेळी दारात त्याची बायको आली. डोईवर पदर, हातात डबा. शिपायानं अडवलं तशी तिथूनच म्हणाली, "साहेब, सकाळधरनं उपाशी हाय ओ ते. दोन घास खाऊ द्या, मग इचारा काय इचारायचं ते."

मी तिला आत बोलावलं. डबा टेबलावर ठेवायला सांगितला आणि सहज, म्हणजे अगदी सहज, विचारलं, "बाई, ही गाडी तुमच्या घरात आली कुठून?"

"कुठून म्हंजी? मह्या बापानं दिली की, लग्नात!"

"ये, गप बस!" तो एकदम ओरडला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "गप बस म्हणतो ना! तुझा बाप जेलात जाईल, म्हाताऱ्याला बेड्या पडतील, कळतंय का तुला?"

ती बिचारी डोळे विस्फारून बघत राहिली. मीही. आणि मग मी मान वळवून मागं बघितलं. घड्याळाच्या बाजूला आमच्या ठाण्याची पाटी होती, ठळक लाल अक्षरांत. हुंडा देणे आणि घेणे हा दखलपात्र गुन्हा आहे. दोन दिवस हा माणूस ती पाटी वाचत होता! मला एकाच वेळी हसू आलं आणि लाज वाटली. अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो की मी!

पेनाला टोपण लावलं. चहा मागवला. त्याला म्हटलं, "हे बघा, नीट ऐका. मागून, अडवून घेतला तो हुंडा. बापानं हौसेनं लेकी-जावयाला काही दिलं तर ती भेट. यादी करून ठेवायला पाहिजे होती तेवढी, ती कुणीच करत नाही. तुम्ही मागितली होती का गाडी?"

"न्हाई साहेब. देवाशपथ न्हाई. सासऱ्यानं आपल्या मनानं दिली."

"मग कुणी तक्रार करणार आहे का?"

बायको म्हणाली, "कोन करल ओ? बापाचं नाव काढलं तर जीभ तोडीन मी."

तेव्हा तो हळूहळू बोलू लागला. त्याचे सासरे जळकोटच्या बाजूचे. दोन मुली, दोघींचं लग्न एकाच मांडवात लावलं. घरची देवणी जातीची खोंडं विकून म्हाताऱ्यानं दोन्ही जावयांना एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या घेतल्या. हा थोरला जावई, आणि धाकटा देवणी गावचा. म्हणजे हे दोघं साडू. शोरूममध्ये आधीच कोणती गाडी कुणाच्या नावावर ते ठरलं, नोंदणीचे अर्ज गेले. लग्नाच्या दिवशी टेम्पोतून गाड्या उतरवताना थोरल्याच्या गाडीची टाकी खांबाला लागून चेपली. चांगला मूठभर पोचा आला.

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "मग म्या रुसलो, साहेब."

"म्हणजे?"

"जेवायलाच उठंना मी. पंगत खोळंबली. थोरल्या जावयाला चेपलेली गाडी देता होय, असं म्हणलो. चारचौघांत म्हणलो. सासरा पाया पडायला लागला. तवा त्या धाकट्यानं आपली चावी काढली अन् मह्या हातात दिली. म्हणला, दाजी, तुम्ही ही घ्या, मला टाकीत पेट्रोल मावल्याशी मतलब. सासऱ्यानं दोघांचे हात धरून जबान घेतली. ही गोष्ट मांडवाच्या बाहेर गेली न्हाई पाहिजे, लोक म्हणतील पहिल्याच दिवशी जावई रुसला. कागद तर आधीच गेलेले. नंबर आल्यावर ज्याचा त्यानं आपल्या गाडीवर रंगवून घेतला. आम्हाला काय ठाऊक, खाली लोखंडावर बी नंबर असतो म्हणून!"

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते खोटं नाही. पण हा ग्रह त्या वेळी माझ्यापुढं सदऱ्याचं टोक चुरगाळत बसला होता. त्याची बायको तर तोंडाला पदर लावून बघत होती. तेव्हा दोघी बहिणी आत घरात होत्या, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

हवालदारांनी फोन हातात घेतलाच होता. धाकट्या साडूला देवणीला लावला. स्पीकरवर ठेवला.

"पाव्हणं, तुमची मोटारसायकल कुठंय?"

"दारातच हाय की. काय झालं?"

"ओलं फडकं घ्या. हँडलच्या खाली, उजव्या अंगाला, लोखंडावर नंबर कोरलाय. घासून वाचा."

आम्ही सगळे त्या फोनकडं बघत बसलो. पलीकडून फडकं घासल्याचा आवाज, मग कुणाला तरी "चष्मा आण गं" म्हणाल्याचा. एकेक अक्षर, एकेक आकडा तो वाचत होता आणि हवालदार थोरल्याच्या कागदावर बोट सरकवत होते. शेवटचे दोन आकडे आले. हवालदारांनी बोट तिथंच दाबून धरलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. जुळले. थोरल्याच्या कागदावरची गाडी पंधराहून जास्त वर्षं धाकट्याच्या दारात उभी होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. त्याची बायको हात जोडून कोणत्या तरी देवाचं नाव घेत होती.

"आता गाडी आणि कागदपत्रं घेऊन या," मी धाकट्याला म्हणालो. "आणि ऐका, तुमचीही नोंदणी संपलीय. गाडी चालवत आणलीत तर रस्त्यात कुणी धरेल आणि मी सोडवणार नाही. टेम्पोत घालून आणा."

दुसऱ्या दिवशी उदगीरमार्गे टेम्पो आला. धाकटा गोल चेहऱ्याचा, हसतमुख. गाडी उतरवताना तो अशी धरत होता जणू काचेची आहे. टाकीवरचा पोचा तसाच होता, पण गाडी नुसती लखलखत होती. त्याच्या कागदाशी आमच्या ताब्यातली गाडी जुळवली. चेसिस जुळला, इंजिन जुळलं. दोघांचे जबाब घेतले. गॅरेजवाल्यालाही बोलावून ठसे पुन्हा घ्यायला लावले. तो ओशाळून म्हणाला, "साहेब, मला काय माहीत हे असलं महाभारत असंल."

परिवहन कार्यालयातल्या ओळखीच्या निरीक्षकांना मी फोन करून सगळी हकीकत सांगितली. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "कागदावरचे नंबर बदलायचे म्हटलं तर अर्ज, शपथपत्रं, महिने जातील. त्यापेक्षा गाड्याच बदलून घ्या की! ज्याचा कागद त्याची गाडी. मग दोघांनी आपापल्या कार्यालयात गाडी तपासणीला न्यायची, नूतनीकरण होऊन जाईल. विलंब शुल्क मात्र भरावं लागेल, ते कुणालाच माफ करता येत नाही."

मी दोघांना ते सांगितलं. थोरल्यानं त्या चेपलेल्या टाकीवरून एकदा हात फिरवला. मग खिशातून चावी काढली आणि धाकट्याच्या हातात ठेवली.

"पाव्हणं, तुमची गाडी. तवाच द्यायला पाहिजे होती."

धाकटा आपली चावी त्याला देत एवढंच म्हणाला, "दाजी, सकाळी थंडीत चोक वढावा लागतो तिला. बाकी लई इमानदार हाय."

आणि दोघं ठाण्याच्या आवारात, मुद्देमालातल्या गाड्यांच्या मधोमध, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी तिथून आत निघून आलो. मला ते बघवेना, आणि शिपायांपुढं माझे डोळे दिसू नयेत असंही वाटलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. गाडी परत दिली, प्रकरण दप्तरी दाखल केलं. थोरल्यानं नांदेडकडं आणि धाकट्यानं लातूरकडं आपापल्या गाड्या टेम्पोनं नेऊन दाखवल्या, विलंब शुल्क आणि कर भरला, नवीन पाट्या बसवल्या. शुल्क भरताना धाकटा कुरकुरला म्हणे की दोन वर्षांपूर्वी पिशवी उघडली असती तर एवढी फोडणी बसली नसती. वाचणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे. आज घरी गेलात की गाडीचे कागद काढून तारीख बघा. आणि कागद काढलेच आहेत तर वाकून चेसिसचा नंबरही बघा.

मला मात्र त्या गाडीनं दुसरंच शिकवलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही. गप्प राहिला म्हणजे कबूल झाला असंही नाही. मी चौतीस वर्षं माणसांना बोलतं केलं, पण हा कुणासाठी गप्प असेल, असा प्रश्न मला त्या दोन दिवसांत एकदाही पडला नाही. शंका हवालदारांना आली होती, ते बोललेही होते, विषय मीच तोडला. त्याच्या बायकोनं डबा आणायला आणखी पाच मिनिटं उशीर केला असता तर मी लिहून मोकळा झालो असतो.

सातव्या दिवशी मी तो फॉर्म पुढं ओढला. 'प्रतिकूल नोंद नाही' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. असला शेरा मी नोकरीत किती वेळा न वाचता लिहिला असेल त्याला गणती नाही. त्या दिवशी लिहून झाल्यावर तो दोनदा वाचला आणि डाकेची वाट न बघता हवालदारांच्या हाती नगरपरिषदेत पाठवला.

महिन्याभरानं, सुट्टीच्या दिवशी घरी असताना फोन आला. "साहेब, ऑर्डर हातात पडली. कायम झालो. पहिला फोन तुम्हालाच लावला." मी "बरं झालं, फार बरं झालं" असं काहीतरी म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा फोन होता? मी म्हणालो, "ज्याला मी चोर ठरवून बसलो होतो, त्याचा. त्यानं ही बातमी सगळ्यांच्या आधी मला सांगितली."